दिवाळें आणि देवाचे उपकार

देहूचे तुकाराम महाराज धंद्यानें वाणी होते. सन १६३० च्या सुमारास दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला. त्यांत त्यांचें दुकान बसलें, पत गेली व पहिली पत्नी अन्नावांचून वारली. तरीहि या आपत्तींनींच आपणांस देवाच्या पायांशीं आणिलें, म्हणून त्यांनीं विठ्ठलाचे उपकारच मानिले.

हे उपकार मानणें कोरडें नव्हतें. वडिलोपार्जित सावकारीच्या खतांपैकीं निम्मीं धाकट्या भावास देऊन आपल्या वांट्याचीं त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं, अशी परंपरा आहे. स्वतः नागविला गेलेल्या माणसानें आपल्या ऋणकोंस मोकळें केलें! आमच्या व्यापारी बंधूंनीं हें ध्यानीं धरावें. संकटांत देवाचे आभार मानणाराची परीक्षा त्याच्या वहीखात्यांत होते, असें आम्हांस वाटतें.