वेदना मोजणारा केस

ताप थर्मामीटरने मोजता येतो, रक्तदाबासाठी यंत्र आहे. पण वेदनेचे काय? समोरच्याला किती दुखते आहे, हे बाहेरून कसे ठरवायचे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॅक्स फॉन फ्राय यांनी या प्रश्नाला हात घातला, तो साध्या केसाच्या मदतीने.

फॉन फ्राय यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1852 रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्गमध्ये झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर ते जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल लुडविग या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. शरीरातील प्रत्येक क्रिया मोजून दाखवायची, ही तिथली शिस्त होती. 1885 मध्ये मॅक्स ग्रुबर यांच्यासोबत त्यांनी शरीराबाहेर काढलेल्या अवयवाला प्राणवायूयुक्त रक्त पुरवणारे उपकरण तयार केले. आजच्या हार्ट-लंग मशीनच्या पूर्वजांत त्याची गणना होते.

पुढे त्यांचे लक्ष त्वचेकडे वळले. बोटाने दाबले तर जोर दर वेळी कमी-जास्त होतो. म्हणून त्यांनी माणसाचे आणि घोड्याचे केस काडीच्या टोकाला काटकोनात चिकटवले. केसाचे टोक त्वचेवर दाबले की ठरावीक जोराला तो वाकतो. त्यानंतर हात थोडा पुढे गेला तरी केस अधिक वाकतो, त्वचेवरचा जोर फारसा वाढत नाही. कोणता केस किती भाराला वाकतो, हे आधीच तराजूवर मोजून ठेवायचे.

या केसांनी त्यांनी त्वचेचा बिंदू न् बिंदू तपासला. काही ठिकाणी फक्त स्पर्श कळे, काही ठिकाणी वेदना. कोणतीही संवेदना अति झाली की तिचीच वेदना होते, असे त्या काळी अनेक जण मानत. वेदना ही स्वतंत्र संवेदना असून तिच्यासाठी मज्जातंतूंची मोकळी टोके असतात, असे फॉन फ्राय यांनी मांडले. उष्णता आणि थंडीबाबतचे त्यांचे अंदाज पुढे चुकीचे ठरले, पण वेदनेबाबतचा मुद्दा मुख्यतः टिकला. 1899 पासून ते वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. तिथेच 25 जानेवारी 1932 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा केस मात्र नायलॉनच्या रूपात औषध संशोधनात राहिला. उंदराला जाळीवर ठेवून खालून पंजाला धागा टेकवतात आणि कोणत्या जोराला तो पंजा मागे घेतो, ते नोंदवतात. पंजाची सूज किती, हे तो बुडवल्यावर किती पाणी वर सरकते यावरून कळते. उंदीर दांडी किती जोराने धरतो, हे पकडशक्तीच्या यंत्रावर दिसते. 1963 मध्ये गोरेगावात सुरू झालेले सिबाचे संशोधन केंद्र आणि मुलुंडचे हेक्स्टचे केंद्र यांमुळे नव्या औषधांचा शोध मुंबईच्या उपनगरांतही पोहोचला. अशा कामात प्राण्यांवरील प्रयोगांना वाट काढून द्यावी लागतेच, पण आता त्यासाठी आचारसमितीची परवानगी बंधनकारक आहे.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. फॉन फ्राय यांच्या प्रयोगातला माणूस काय जाणवले ते सांगू शकत होता. उंदीर फक्त पंजा मागे घेतो. यंत्र ती हालचाल मोजते, वेदना नव्हे. उंदरात गुणकारी ठरलेली काही वेदनाशामके माणसात निष्प्रभ ठरतात, त्याचे हेही एक कारण आहे.

माणसाच्या तपासणीत मात्र हा धागा आजही पाय वाचवतो. मधुमेही रुग्णाच्या तळपायावर 10 ग्रॅम भाराला वाकणारा धागा टेकवतात. तो कळला नाही, तर संरक्षक संवेदना गेली असे समजावे. चप्पल चावली, खडा टोचला तरी कळणार नाही आणि जखम चिघळेल. दमट हवेत नायलॉन नरम पडते, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात धागा कोरडा ठेवावा आणि वेळोवेळी बदलावा. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी. तिला दोन-चार मिनिटे लागतात आणि ती दुखत नाही.