जंतूच्या शस्त्राचे औषध करणारे डॉ. टिलेट

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावात मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ उठली, की घरच्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अंतराचा. अँजिओप्लास्टीची सोय दूर शहरात आणि हृदयाच्या स्नायूकडे वेळ थोडा. अशा वेळी जवळच्या रुग्णालयात शिरेतून गुठळी विरघळविणारे औषध मिळाले, तर रुग्ण वाचण्याची आशा वाढते. या उपचाराचा पाया घातला स्ट्रेप्टोकायनेजने. घसा सुजविणाऱ्या जंतूपासून मिळालेल्या या प्रथिनाचे संशोधक होते अमेरिकेतील डॉ. विल्यम स्मिथ टिलेट.

टिलेट यांचा जन्म १८९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९१७ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियावर काम करताना थॉमस फ्रान्सिस यांच्यासह त्यांनी १९३० मध्ये रुग्णांच्या रक्तातील एक प्रथिन ओळखले. करोनाच्या साथीत घरोघरी ठाऊक झालेली ‘सीआरपी’ चाचणी याच प्रथिनाची.

मोठा शोध मात्र फसलेल्या प्रयोगातून लागला. हॉपकिन्सला परतलेल्या टिलेट यांना दिसले, की स्ट्रेप्टोकॉकस जंतू रक्तद्रवात एकमेकांना चिकटतात, रक्तलसीत चिकटत नाहीत. रक्त गोठविणारे फायब्रिनोजेन जंतूंना चिकटत असावे, असा त्यांनी तर्क केला. तसे असेल, तर जंतू मिसळलेला रक्तद्रव गोठता कामा नये. त्यांनी कॅल्शियम घालून पाहिले. रक्तद्रव गोठला आणि तर्क कोसळला. पण काही वेळाने त्यांनी त्याच नळ्यांकडे पुन्हा पाहिले, तेव्हा गोठलेला गोळा पातळ झाला होता. जंतू स्वतःच गुठळी विरघळवीत होते. सहकारी आर. एल. गार्नर यांच्यासह १९३३ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. माणसाची गुठळी विरघळते, सशाची नाही, हेही त्यांनी नोंदविले होते.

या भेदाचे कोडे पुढे इतर संशोधकांनी सोडविले. जंतूचे प्रथिन गुठळी स्वतः तोडत नाही. माणसाच्या रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचे एन्झाइम निद्रिस्त अवस्थेत असते. स्ट्रेप्टोकायनेज त्याला बिलगते आणि त्याचा आकार बदलते. ही जोडी मग इतर प्लाझ्मिनोजेन कापून त्याचे प्लाझ्मिन बनविते आणि प्लाझ्मिन गुठळीतील फायब्रिनचे धागे तोडते. सशाच्या प्लाझ्मिनोजेनशी ही जोडी जमत नाही. जंतूला याचा लाभ उघड आहे : शरीर संसर्गाभोवती गुठळीची भिंत उभारते आणि जंतू घरच्याच हत्याराने ती फोडतो. १८९६ मध्ये मुंबईत व पुढे पुण्यात थैमान घालणाऱ्या प्लेगच्या जंतूकडेही प्लाझ्मिनोजेनला जागे करणारे प्रथिन आहे. ते मात्र त्याला थेट कापूनच कामाला लावते.

शत्रूचे हे शस्त्र रुग्णाच्या कामी आणण्याचे श्रेयही टिलेट यांचेच. १९३७ मध्ये ते न्यूयॉर्क विद्यापीठात गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी सोल शेरी यांच्यासह फुप्फुसाच्या आवरणात साकळलेले रक्त व पू विरघळविण्यासाठी स्ट्रेप्टोकायनेज वापरले. १९४९ मध्ये त्यांना एल. आर. ख्रिस्टेनसेन यांच्यासह लास्कर पुरस्कार मिळाला. शिरेतून औषध देण्याचा प्रयत्न १९५५ मध्ये झाला. त्या काळचे औषध पुरेसे शुद्ध नव्हते. गुठळी विरघळविण्याची शक्ती रक्तात निर्माण झाली, पण ताप येई, रक्तदाब उतरे. शेरी यांनी पुढे शुद्ध औषध हृदयविकारावर वापरून पाहिले, तरी वैद्यकविश्वाची खात्री पटायला तीन दशके लागली.

टिलेट १९७४ मध्ये निवर्तले. त्यानंतर १२ वर्षांनी, १९८६ मध्ये, इटलीत ११ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीने निकाल दिला. नेहमीच्या उपचारांत २१ दिवसांत १३ टक्के रुग्ण दगावले. स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांत हे प्रमाण १०.७ टक्के होते. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांना लाभ सर्वाधिक झाला. १९८८ मधील दुसऱ्या मोठ्या चाचणीत ॲस्पिरिनची जोड दिल्यावर मृत्यू आणखी घटले.

औषध निर्दोष नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. शरीर जंतूचे प्रथिन ओळखून प्रतिपिंडे तयार करते, म्हणून ते त्याच रुग्णाला पुन्हा देणे टाळतात. आता टेनेक्टेप्लेजसारखी नवी औषधे पुढे आली आहेत. तरीही स्वस्त असल्याने भारतासारख्या देशात स्ट्रेप्टोकायनेजने मोठा आधार दिला. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेने त्याच्या देशी निर्मितीचे तंत्रही विकसित केले.

औषध बदलले, तरी तत्त्व तेच राहिले : रुग्णाच्याच रक्तातील निद्रिस्त एन्झाइम जागे करायचे, आणि तेही वेळेत. शहरापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या हाती थोडा अधिक वेळ आला, तो फसलेल्या प्रयोगाची नळी पुन्हा पाहणाऱ्या एका डॉक्टरमुळे.