विश्लेषण : अर्धा जबडा गेला, तरी १६ वर्षे काम! तोंडाच्या कर्करोगानंतर सिग्मंड फ्रॉइड कसे जगले?

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. रुग्णाची कसोटी मात्र तिथून सुरू होते. घास गिळणे, बोलणे, तोंड उघडणे, चारचौघांत जेवणे हे सारे नव्याने शिकावे लागते. तंबाखू-चुना, मावा आणि मिशरीची सवय असलेल्या धाराशिव जिल्ह्याला हा आजार अनोळखी नाही. परांडा व भूम तालुक्यांतील रुग्णांची नोंद शेजारच्या बार्शीतील ग्रामीण कर्करोग नोंदणीत होते. १९८७ मध्ये सुरू झालेली ही नोंदणी देशातील ग्रामीण भागासाठीची पहिली मानली जाते. या आजारासोबत दीर्घकाळ जगलेल्या एका जगप्रसिद्ध रुग्णाची ही कहाणी.

आजार कसा लक्षात आला?

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचा जन्म १८५६ चा. व्हिएन्नात राहणारे फ्रॉइड दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढत. १९२३ च्या सुरुवातीला, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांना टाळूच्या उजव्या बाजूला गाठ जाणवली. त्यांनी काही आठवडे ती अंगावर काढली. एप्रिलमध्ये मार्कुस हायेक यांनी छोटी शस्त्रक्रिया केली, पण नंतर मोठा रक्तस्राव झाला.

डॉक्टरांनी काय लपवले?

ही गाठ कर्करोगाची असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. फ्रॉइड यांना मात्र तोंडातील पांढरा चट्टा एवढेच सांगण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचा लाडका नातू क्षयाने गेला, त्या धक्क्याने ते खचले होते. पुढे खरे कळल्यावर त्यांना दुःखापेक्षा संताप अधिक झाला. आपल्या आजाराची माहिती आपल्यालाच नसावी, हे त्यांना पटले नाही. १९२९ मध्ये माक्स शूर त्यांचे डॉक्टर झाले, तेव्हा नेहमी खरेच सांगायचे, अशी अट फ्रॉइड यांनी घातली. पेशंटला सांगू नका, असे डॉक्टरांना बजावणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांनी याचा विचार करायला हवा.

शस्त्रक्रियेनंतर काय बदलले?

ऑक्टोबर १९२३ मध्ये हान्स पिचलर यांनी दोन टप्प्यांत मोठी शस्त्रक्रिया केली. उजव्या बाजूचा वरचा जबडा व टाळूचा भाग काढावा लागला. तोंड आणि नाक यांच्यात आडपडदा उरला नाही. ते भोक बुजवण्यासाठी कवळीसारखा मोठा कृत्रिम जबडा बसवला गेला. तो काढला तर बोलणे आणि जेवणे कठीण, घातला तर जखम होई. घरात त्याला राक्षस असे नाव पडले. तोंड नीट उघडत नसल्याने तो बसवणे ही रोजची झटापट असे आणि त्यात मुलगी ॲना मदत करी.

आवाज नाकातून येऊ लागला. उजव्या कानाने ऐकू येईना, म्हणून रुग्णांचे बोलणे डाव्या कानाने ऐकता यावे अशी बैठक त्यांनी करून घेतली. लोकांसमोर जेवणे ते टाळत. १९३० मध्ये गटे पुरस्काराचे भाषण फ्रँकफर्टमध्ये ॲना यांनी वाचून दाखवले.

तरीही काम कसे चालू राहिले?

पुढच्या १६ वर्षांत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. रुग्ण तपासणे व लेखन त्यांनी सोडले नाही. डोके सुन्न करणारी वेदनाशामके ते शक्यतो घेत नसत. सिगार मात्र सुटली नाही. तोंडात पुन्हा पुन्हा चट्टे उठत आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. १९३८ मध्ये नाझींच्या छळामुळे त्यांनी व्हिएन्ना सोडले. लंडनमध्ये बीबीसीने त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. त्यात बोलण्याचे कष्ट स्पष्ट जाणवतात. १९३९ मध्ये गाठ शस्त्रक्रियेपलीकडे गेली आणि २३ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

आजच्या रुग्णाला यातून काय मिळते?

पोकळी झाकणारी कृत्रिम टाळू आता अधिक हलकी व मापात बसणारी असते. काही रुग्णांत शरीराच्या दुसऱ्या भागातील मांस-हाड घेऊन जबडा उभारता येतो. तोंड उघडण्याचे व्यायाम डॉक्टरांनी सांगितल्यावर लगेच सुरू करावेत. उशीर झाला की जबडा आखडतो. बोलण्या-गिळण्यासाठी वाचा-उपचार उपयोगी पडतात. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून दिली, तर गिळणे सोपे जाते. तंबाखू पूर्ण सोडणे अत्यावश्यक, कारण ती चालू राहिली तर नव्या गाठीचा धोका वाढतो. आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर ती अंगावर न काढता तपासून घ्यावी.