रेव्हरंड टिळक : उपासनेतील विस्मयाचा शोध

नारायण वामन टिळक यांचे चरित्र बहुधा धर्मांतराची कथा म्हणून सांगितले जाते. उपासनेच्या दृष्टीने पाहता मात्र ती एका भक्ताच्या स्वभाषेकडे परतण्याची कथा ठरते.

टिळकांचा जन्म 1861 साली कोकणातील करजगावी झाला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नागपूरकडे असताना एका रेल्वेप्रवासात भेटलेल्या युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत मोठी होती : आप्त दुरावले आणि पत्नी लक्ष्मीबाई यांचाही काही वर्षे वियोग घडला. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांना उपासनेची जी पद्धती दिसली, तिच्यावर पाश्चात्त्य चालींचा आणि भाषांतरित गीतांचा मोठा प्रभाव होता. तिच्यात शिस्त होती. परंतु मराठी माणसाचा कंठ ज्यामुळे दाटून येतो, तो भाव तिच्यात उमटत नव्हता. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग नगरला टिळकांपूर्वीच झाला होता. त्याला समर्थ काव्याचे बळ टिळकांनी दिले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. म्हणूनच त्यांच्या अभंगांत आणि पदांत ख्रिस्त हा दूरचा राजा न राहता गुरू आणि माउली होतो.

येथे एक मर्म ध्यानी घेतले पाहिजे. परकेपणातून दुरावा निर्माण होतो, विस्मय नव्हे. ज्याला माउली म्हणून हाक मारावी, तोच विश्वाचा स्वामी असावा, ही जाणीव भक्ताला नतमस्तक करते. सलगी आणि आदर यांचा हा संगम वारकरी परंपरेने शतकानुशतके सांभाळला होता. टिळकांनी तो ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात आणला. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात छापलेल्या ख्रिस्तपुराणासाठी ओवी स्वीकारली होती, तर तंजावरच्या वेदनायगम शास्त्रींनी तमिळ ख्रिस्ती गीतांना देशी संगीताचे अधिष्ठान दिले होते. स्टीफन्स बाहेरून मराठीत आले. वेदनायगम शास्त्रींप्रमाणे टिळक मात्र आतूनच बोलत होते.

1917 मध्ये त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, असा त्यांचा मानस होता. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि दरबाराला स्थिर रूप येऊ शकले नाही. ‘ख्रिस्तायन’ही अपुरे राहिले; ते पुढे नेण्याचे व्रत लक्ष्मीबाईंनी घेतले.

संस्था ओसरली, पदे मात्र उरली. ‘उपासना संगीत’ उघडून मराठी मंडळी आजही ती गातात. पंथांची मांडणी बदलण्यात टिळकांना यश आले नाही; परंतु आपल्याच भाषेत देवासमोर स्तब्ध कसे व्हावे, हे त्यांनी एका समाजाला पुन्हा शिकविले. भारतीय भक्तिवाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे स्थान या कार्यावरून ठरवावयास हवे.