सोपाऱ्याची पेटी उघडणारा पंडित

नालासोपारा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? खच्चून भरलेली विरार लोकल, उभ्या राहणाऱ्या इमारती आणि पावसाळ्यात तुंबलेले रस्ते. बाहेरच्या कुणी विचारलं की आपण 'मुंबईच्या पुढे राहतो' एवढंच सांगून मोकळे होतो. गावाला स्वतःचं काही आहे, हे आपल्यालाच ठाऊक नसतं. तर मग एका माणसाची ओळख करून घ्या. ना तो इथला, ना मराठी. पण सोपाऱ्याला त्याचा इतिहास परत मिळवून दिला तो त्याने. पंडित भगवानलाल इंद्रजी.

7 नोव्हेंबर 1839 रोजी जुनागढमध्ये, वैद्यकी करणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. गावाबाहेर गिरनारची वाट आणि त्या वाटेवर अक्षरांनी भरलेली एक प्रचंड शिळा. एकाच शिळेवर अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त अशा तीन काळांतले लेख. जाणारे-येणारे बघायचे आणि पुढे जायचे. हा मुलगा मात्र तिथे अडकला. जेम्स प्रिन्सेपने लावलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता हाती लागल्यावर त्याने शिळेवरचं एकेक अक्षर त्याच्याशी जुळवून बघायला सुरुवात केली. कॉलेज नाही, डिग्री नाही, इंग्रजी जेमतेम. होती ती फक्त चिकाटी आणि तीक्ष्ण नजर.

या नजरेची बातमी मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापर्यंत पोचली. विशीतला भगवानलाल त्यांच्याकडे कामाला लागला. काम काय, तर देशभर फिरायचं आणि लेण्यांतले, शिळांवरचे लेख हुबेहूब उतरवून आणायचे. अजिंठा, नाशिक, कार्ले, कान्हेरी, असं करत पुढे थेट नेपाळपर्यंत. आज आपण मोबाइलवर फोटो काढतो आणि विसरून जातो. तेव्हा झिजलेल्या अक्षराची एक रेघ चुकली की राजाचं नावच बदलायचं. भाऊ दाजींच्या कितीतरी लेखनाचा पाया या नकलांवर उभा होता. 1874 मध्ये भाऊ दाजी गेले आणि भगवानलालांचा आधार तुटला. पण काम थांबलं नाही. ते गुजरातीत लिहायचे, जॉर्ज ब्यूलरसारखे विद्वान त्याचं इंग्रजी करायचे. नाणेघाटातल्या लेखांवरून त्यांनी जुन्या भारतीय अंकांचा उलगडा केला. ओडिशातल्या हाथीगुंफेच्या लेखातल्या राजाचं नाव खारवेल आहे, हेही त्यांनीच दाखवून दिलं. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने या बिनडिग्रीच्या माणसाला सन्मानाची डॉक्टरेट दिली!

आता येऊ आपल्या गावाकडे. सोपाऱ्यात एक मोठं टेकाड होतं. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. एप्रिल 1882 मध्ये भगवानलालांनी ते खणायला घेतलं. आत कोट नव्हताच. तो निघाला विटांचा बौद्ध स्तूप! त्याच्या मधोमध विटांच्या कोनाड्यात एक गोल दगडी पेटी होती, दोन भाग एकमेकांवर घट्ट बसवलेली. ती उघडल्यावर आत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात हिरे-माणकं असतील असं वाटतं ना? तिथे होते मातीच्या भांड्याचे 13 छोटे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी ते इतक्या मायेने जपले होते.

खरी गंमत पुढे आहे. पेटीत चांदीचं एक नाणं होतं, यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं. म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडचं. पण तांब्याच्या करंडकाभोवती बसवलेल्या आठ बुद्धमूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. एकाच पेटीत दोन काळ आले कसे? सरळ अर्थ असा, की कित्येक शतकांनी कुणीतरी ती पेटी पुन्हा उघडली, मूर्ती ठेवल्या आणि श्रद्धेने पुन्हा बंद केली. म्हणजे या गावात तो स्तूप पिढ्यान् पिढ्या जिवंत होता.

त्याच वर्षी भातेला तलावाजवळ भगवानलालांना दगडाचा एक तुकडा मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा अंश होता. शिकारीच्या सहली सोडून राजा धर्मयात्रा करू लागला, असं सांगणारा तो लेख. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राटाला आपला शब्द कोरून ठेवावासा वाटला, एवढं हे बंदर मोठं होतं. 1956 मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडाही सापडला.

या बंदराची खबर पार रोमन साम्राज्यात होती. पहिल्या शतकात, इजिप्त रोमच्या ताब्यात असताना, तिथल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली. त्यात 'सुप्पारा' आहे आणि पाठोपाठ कल्याणही. त्याच शतकात रोमनांनी जेरुसलेमचं ज्यू मंदिर पाडलं आणि जोसेफस हा ज्यू इतिहासकार रोममध्ये बसून आपल्या लोकांची कहाणी लिहू लागला. सॉलोमन राजाची जहाजं ज्या ओफिरहून सोनं आणायची ती भूमी भारतात होती, असं त्याने नोंदवलं. बायबलच्या ग्रीक भाषांतरात हे नाव 'सोफिर'सारखं येतं. झालं! एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय विद्वानांनी सोफिर म्हणजेच सोपारा असं जुळवलं.

ऐकायला भारी वाटतं. पण जरा थांबा. सॉलोमनचा काळ इसवी सनापूर्वी दहावं शतक. सोपाऱ्याचा ठोस पुरावा सुरू होतो अशोकापासून. मधली 700 वर्षं नुसत्या नावाच्या साम्यावर कशी पार करणार? याच जोसेफसने मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यावर ज्यू बंडखोरांनी रोमनांना दिलेली शेवटची झुंज सांगितली आहे. 1963 ते 1965 दरम्यान यिगाएल यादीन यांनी तिथे उत्खनन केलं. त्यात वेढ्याच्या काळातली घरं, खापरांवर लिहिलेली नावं, खजुराच्या बिया, धर्मग्रंथांचे तुकडे सापडले. रोमन छावण्यांच्या खुणा तर अजून उभ्या आहेत. वेढा खरा ठरला. पण किल्ल्यावरच्या सगळ्यांनी ठरवून मरण पत्करलं, या भागावर अभ्यासक आजही वाद घालतात. जुनी कहाणी दिशा दाखवते, पण शेवटचा शब्द पुराव्याचा. बुरुड राजाच्या कोटाचं तेच झालं आणि ओफिरलाही तोच नियम लावावा लागेल.

व्हॉट्सअॅपवर रोज 'आपला गौरवशाली इतिहास' फॉरवर्ड करताना भगवानलाल आठवावेत ते यासाठी. 16 मार्च 1888 रोजी, पन्नाशीही गाठायच्या आत, मुंबईत त्यांचं निधन झालं. मथुरेचा प्रसिद्ध सिंहशीर्ष त्यांनीच मिळवला होता. तो त्यांच्या मृत्युपत्रानुसार ब्रिटिश म्युझियमला गेला.

सोपाऱ्याचे करंडक आणि मूर्ती मात्र फार लांब नाहीत. त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत आणि अशोकाच्या लेखाचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. स्तूप तर तुमच्या गावातच आहे. एखाद्या रविवारी जा. नाणेघाटात चढलात तर तिथल्या पाण्याच्या टाक्यावरचा लेखही शोधा. ते टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलंय. वाटसरूची तहान भागावी म्हणून 'मुंबईच्या पुढे' राहणाऱ्या एका माणसाने, मुंबई हे नावही नसताना, केलेली ही सोय. त्याने आपल्या नावाआधी गावाचं नाव कोरून घेतलं होतं.