कॅप्टन डायेट यांचा बँड

शाळेचा बँड म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे १५ ऑगस्टची प्रभातफेरी येते. एक ढोल, दोन-चार बासऱ्या आणि पावसात भिजलेली पोरं. त्यामुळे नॅट किंग कोलसारखा गायक-पियानोवादक एका सरकारी शाळेच्या बँडमास्तरांच्या हाताखालून गेला होता, हे वाचलं तेव्हा मला नवलच वाटलं.

हे मास्तर म्हणजे वॉल्टर डायेट. जन्म १९०१चा. व्हायचं होतं डॉक्टर. बर्कलेला त्याचा अभ्यासही सुरू केला होता. पण आई आणि बहीण यांचा भार अंगावर आला नि डॉक्टरकी राहिली. हाताशी व्हायोलिन होतं. शिकागोत मूकपटांच्या थिएटरात वाद्यवृंदात बसून ते पोट भरू लागले. नॅशनल गार्डच्या कृष्णवर्णीय पलटणीचा बँड त्यांनी सांभाळला, म्हणून पुढे जन्मभर ‘कॅप्टन’.

१९३१ साली ते वेंडेल फिलिप्स हायस्कुलात शिकवायला लागले, तिथून १९३५मध्ये नव्या इमारतीत. तीच पुढे ड्यू सेबल हायस्कूल म्हणून नावाजली. दक्षिणेतून पोटासाठी आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ही वस्ती. घरी वाद्य कुठलं असणार? मग दरवर्षी मुलांचाच ‘हाय-जिंक्स’ नावाचा संगीत-तमाशा बसवायचा, तिकिटं विकायची आणि त्या पैशातून वाद्यं घ्यायची. बँकेत जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब फार आवडला!

शिस्त मात्र कडक. आमचे जुने हेड कॅशिअर नोटांच्या थप्पीतली खोटी नोट नुसत्या बोटांनी ओळखत. कॅप्टन सगळ्या बँडमधून चुकलेला एक सूर तसाच हुडकून काढत. जॉनी ग्रिफिनला टेनर सॅक्सोफोन हवा होता. चणीने लहान म्हणून त्याच्या हाती आधी क्लॅरिनेट दिलं. पोरगा हिरमुसला असणारच. पण शाळा सुटताच, १९४५ साली, तोच लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात जाऊन बसला. जीन अ‍ॅमन्स, व्हॉन फ्रीमन, डोरोथी डोनेगन हेही त्यांचेच विद्यार्थी.

१९६९मध्ये कॅप्टन गेले. पुढे शिकागोतल्या एका शाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. २०१५ साली ती बंद पडली, तेव्हा पालक आणि वस्तीतले कार्यकर्ते ३४ दिवस उपोषणाला बसले. २०१६मध्ये ती पुन्हा उघडली, कलाशिक्षणाची शाळा म्हणून. नाव तेच ठेवलं.