रमाबाईंचा भार आणि आधार

आज नाताळ. प्रभू येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवाच्या या मंगल दिनी, पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या वाटेवरील आपल्या दिघीत, याच जिल्ह्यातील केडगाव ज्यांच्या कार्याने पावन झाले त्या पंडिता रमाबाईंचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटते. देवावर भार घालणे म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या चरित्राइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. मातेने तीच विद्या कन्येस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराण सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करी. १८७०च्या दशकातील दुष्काळात ती दक्षिणा आटली. होते नव्हते ते द्रव्य दानधर्मात व अनुष्ठानात सरले. अंगमेहनतीची सवय नाही, हात पसरण्यास मन धजत नाही. अशा अवस्थेत पिता, माता व थोरली बहीण एकामागून एक निवर्तली. आम्हां पुराणिक-कीर्तनकारांस हा प्रसंग सहजी ओलांडून जाता येत नाही.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी रमाबाईंचा विवाह झाला. परंतु १८८२ साली पतीही निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा होती. रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्याने तो मार्ग खुंटला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि गुरुजनांचे प्रत्येक मत त्यांनी मुकाट्याने स्वीकारले नाही. पोशाख व शाकाहारही आपला तोच राखला.

अमेरिकेतून साहाय्य मिळवून १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. १८९३ साली धर्मांतराच्या शंकेने वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. येथे दुसरी एखादी व्यक्ती खचली असती. रमाबाईंनी मात्र प्रार्थना केली आणि उरलेल्या मुलींचे वर्ग पूर्ववत चालविले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. बालपणी जी भूक स्वतः सोसली, तीच तेथे शेकडो मुलींच्या मुखावर त्यांस दिसली. त्यांनी त्या मुलींस केडगावी आणिले आणि तेथे 'मुक्ती' उभी राहिली. पुढे आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली. इतक्या मुखांसाठी निश्चित उत्पन्न कोठले असणार? त्या देवाजवळ मागत आणि लगोलग कामास लागत. विहिरी खणविल्या, शेती केली, माग बसविले, छापखाना घातला. अंध भगिनींस ब्रेल लिपी शिकविण्याची सोय केली. जिच्या माता-पित्यांस कष्टाचे काम ठाऊक नव्हते, तिने प्रत्येक मुलीच्या हाताला काम दिले. यातच त्यांच्या श्रद्धेचे मर्म आहे. देवाने आपले काम करावे, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. आपले काम करण्याचे बळ देवाने द्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. ते बळ एका दिवसापुरतेच मिळे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मागावे लागे.

उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून समग्र बायबल सोप्या मराठीत आणण्याचे कार्य आरंभिले आणि त्यासाठी सुमारे अठरा वर्षे वेचली. शेतकऱ्याच्या बायकोसही कळावे, हा त्यामागील हेतू. त्याचे मुद्रण मुक्तीतील स्त्रियांनीच केले. १९२१ साली, कार्याची धुरा जिच्याकडे जावयाची ती मनोरमा मातेआधीच गेली. दुःखाच्या त्या वर्षातही रमाबाईंची लेखणी थांबली नाही. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला.

आमची उपासना निराळी, त्यांची निराळी. परंतु भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळी करून थकून परतणारा कामगार असो, की महिनाअखेर घरखर्चाची तोंडमिळवणी करणारी गृहिणी असो, उद्याचे कसे होणार, हा प्रश्न दोघांसही सारखाच छळतो. रमाबाईंच्या चरित्रात त्याचे उत्तर आहे: उद्याची चिंता देवावर सोपवावी, आजचे काम मात्र सोपवू नये. नाताळच्या या पर्वावर सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींस ते बळ लाभो आणि आम्हां इतरांसही त्याचा अंश मिळो, ही प्रभुचरणी प्रार्थना.